मार्च एंडिंग आणि कंबर: कामाचा ताण पाठीत कसा उतरतो आणि त्याला कसं अडवायचं

प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, तालुक्याच्या गावातल्या बँक शाखेत अधिकारी. आठ महिन्यांपासून कंबर दुखते. नवी खुर्ची घेतली, पट्टा लावला, एमआरआय केला तर एल-४, एल-५ मध्ये (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे फुगून बाहेर आलेली चकती, निघाली. दिवाळीत आठ दिवस माहेरी होते तेव्हा दुखणं जवळजवळ गेलं. कामावर रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी परत आलं. रिव्ह्यू मीटिंगच्या आदल्या रात्री तर हमखास. घरचे म्हणतात, हे मनाचे खेळ आहेत. ताणाने खरंच कंबर दुखते का? आणि मार्च एंडिंगच्या आधी काय करता येईल?

दुखणं खरं आहे, हे आधी स्पष्ट सांगते. माहेरी ते थांबलं म्हणून खोटं ठरत नाही. आठ दिवसांत तुमचा मणका बदलला नव्हता, पण दिवस पार बदलला होता: सलग बसणं नव्हतं, झोप पुरी होत होती, डोक्यावर कुणी उभं नव्हतं. कंबर यातल्या कशाला उत्तर देते आहे, ते शोधून काढणं हेच तुमचं पुढचं काम.

मात्र ताणाचा विचार करण्याआधी काही गोष्टी तपासून बाजूला काढाव्या लागतात. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसण्याच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. तिथे तासांचा हिशेब असतो. चालताना पंजा लोळतो, चप्पल पायातून निसटते, असं होत असेल तरी थांबू नका. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, झोपेतून उठवणारं आणि कुशीवर वळूनही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षय तपासायलाच हवा. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, बरेच महिने स्टेरॉइड घेतलं असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तरी आधी डॉक्टर. शाखेतल्या तरुण सहकाऱ्यांसाठी आणखी एक खूण: सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडलेली, हालचाल केली की मोकळी, आणि पडून राहिलं की वाढणारी, असं तीन महिने चाललं असेल तर संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जावं. तो आजार वेगळा आणि त्याची औषधंही वेगळी.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत यातलं काही दिसत नाही.

आता एमआरआय. ‘मणक्यात गॅप आली’, ‘चकती सरकली’, ‘नस दबली’ हे शब्द ऐकले की माणूस वाकायलाच घाबरतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र करून पाहणारा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशीतल्या, काहीही त्रास नसलेल्या लोकांपैकी निम्म्यांच्या स्कॅनमध्ये डिस्क बल्ज होता आणि दोन तृतीयांशांहून जास्त जणांत चकतीची झीज होती. केस पिकावेत तसं हे आहे. पायात कळ जात नसेल आणि ताकद शाबूत असेल, तर तुमच्या रिपोर्टमधल्या त्या ओळीने तुमचं रोजचं दुखणं समजावता येत नाही. दिवाळीत गेलेलं आणि कामावर परत आलेलं दुखणं तर मुळीच नाही, कारण बल्ज सुट्टीवर जात नाही.

ताण कमरेपर्यंत पोचतो कसा, हे नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच निघतात.

दुपारचे साडेचार वाजले आहेत. कॅश टॅली होत नाही, ५०० रुपये कमी येतात. अशा वेळी स्वतःकडे पाहिलंत तर काय दिसेल? खुर्चीच्या पाठीला पाठ लागलेली नाही. बसणं कडेवर, वजन एकाच कुल्ल्यावर, दुसऱ्या पायाची टाच उचललेली. दात आवळलेले, खांदे कानांकडे चढलेले. श्वास वरवरचा, आणि आकडा मोजताना चक्क थांबलेला. पोटाचे स्नायू आणि पाठीचे स्नायू दोन्ही एकाच वेळी घट्ट, जणू कुणी ढकलणार आहे म्हणून शरीर पाय रोवून उभं आहे. एरवी एक ओढतो तेव्हा दुसरा सैल होतो. दोन्ही एकदम आवळले की मणका मधल्या मधे दाबला जातो. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात २००० च्या सुमारास हे मोजूनच पाहिलं गेलं. लोकांना तेच वजन आधी शांत वातावरणात आणि मग टोचून बोलत, दबाव टाकत उचलायला लावलं. दबावाखाली काही जणांच्या मणक्यावरचा भार स्पष्ट वाढला. वजन तेच होतं. वाढ झाली ती आवळलेल्या स्नायूंमुळे.

हा भार दहा मिनिटांचा असता तर काहीच बिघडलं नसतं. शाखेत तो सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत बारीक आचेवर चालू राहतो. मोठं वजन उचलल्यावर स्नायू थकतो आणि विसावा मिळाला की सावरतो. हलका पण अखंड ताण असला की स्नायूतले तेच ते थोडे तंतू दिवसभर राबतात, त्यांना सुटी मिळत नाही. काम बसूनच असल्याने हालचालीनं मिळणारा मोकळेपणाही नाही. शिवाय मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. तिचं पोषण आजूबाजूने झिरपत येतं आणि त्याला शरीराची बदलती हालचाल मदत करते. सलग तीन तास एकाच कोनात बसणं तिला मानवत नाही.

दुसरी वाट झोपेतून जाते. मीटिंगच्या आदल्या रात्री अडीच-तीन तास कमी झोप झाली की दुखण्याचा उंबरठा खाली येतो. कालपर्यंत ‘आखडल्यासारखं’ वाटणारं आज ‘दुखतं’ होतं. आणि महिनोन्महिने दुखत राहिलं की मज्जासंस्था अतिसावध होते, साध्या खुणांनाही धोक्याची घंटा वाजवू लागते. तिसरी वाट भीतीची. ‘वाकलं तर चकती सरकेल’ या धास्तीनं माणूस ताठ, हळू आणि कमी हलतो, आणि पहिल्या वाटेवर परत येतो.

अमेरिकेतल्या बोइंग विमान कारखान्यात ३,०२० कामगारांचा काही वर्षं पाठपुरावा करून १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी आपल्या कामात ‘क्वचितच’ आनंद वाटतो असं सांगितलं होतं, त्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार करण्याचं प्रमाण ‘जवळजवळ नेहमी’ म्हणणाऱ्यांच्या अडीच पट निघालं. स्नायूंच्या ताकदीच्या चाचण्यांवरून मात्र फारसा अंदाज बांधता आला नाही. या अभ्यासाचा पुढे बराच गैरवापर झाला: ‘नाखूश माणसं कुरकुर करतात’ असा अर्थ काढला गेला. मला तो अर्थ अन्यायाचा वाटतो. काम कसं रचलं आहे हे वजनाइतकंच मोजायला हवं, असं हे आकडे सांगतात.

आता करायचं काय ते.

पहिले १४ दिवस फक्त नोंद करा. वहीच्या एका पानावर पाच रकाने: वेळ, दुखणं ० ते १० पैकी किती, त्याआधीच्या तासात काय चाललं होतं, सलग किती मिनिटं बसलात, काल रात्री किती झोपलात. दिवसातून चार वेळा पुरे: अकरा, दोन, पाच आणि झोपताना. दर तासाला लिहायला जाल तर दिवसभर कमरेवरच लक्ष राहील आणि त्यानेच दुखणं वाढेल. ही चूक फार जण करतात. पंधराव्या दिवशी दुखण्याचे सर्वांत मोठे पाच आकडे लाल पेनाने घेरा आणि त्या ओळी वाचा. कुणाच्या ओळींत ‘९० मिनिटं सलग’ वारंवार येतं, कुणाच्या ‘सर्व्हर डाऊन, ग्राहक ओरडले’, कुणाच्या ‘झोप ४ तास’. दोन माणसांची कंबर सारखी दुखते, पण कारण सारखं नसतं. म्हणूनच सगळ्या शाखेला एकाच मापाच्या खुर्च्या देऊन प्रश्न सुटत नाही.

मग कामाची रचना. स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांची माहिती हाताशी घेऊन रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी अभ्यासकानं १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट बँक काउंटरला तंतोतंत लागू पडते: मागणी जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही, ही जोडी सर्वांत वाईट. रांग तुमच्या हातात नाही, सर्व्हर नाही, विमा पॉलिसीचं टार्गेट नाही. हे तिन्ही शाखेच्या पातळीवर बदलणार नाहीत. पण छोटे निर्णय परत मिळवता येतात, आणि शरीराला तेही कळतात.

काउंटर आणि मागच्या टेबलाचं काम दुपारी साडेबाराला अदलाबदल करा, रोज, ठरल्याप्रमाणे. ‘गर्दी कमी असली की बघू’ असं ठेवलं तर ते कधीच होत नाही. पासबुक छापण्याचं मशीन हाताशी ठेवण्याऐवजी चार पावलांवर, उभं राहून वापरता येईल अशा उंचीवर ठेवा. दर पासबुकामागे एकदा उठणं आपोआप होईल. कॅश केबिनमधून रोखपालाला मनात येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही, म्हणून तिथली हालचाल केबिनच्या आतच बसवावी लागते: नोटा मोजण्याचं मशीन उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर ठेवा आणि मोठी रक्कम उभ्यानं मोजा. उठण्यासाठी मोबाइलचा गजर लावू नका, तो ग्राहकासमोर वाजतो आणि दोन दिवसांत बंद केला जातो. त्याऐवजी दर दहाव्या टोकनला उभं राहायचं, असं कामालाच बांधून टाका. ३० ते ४० मिनिटांत एकदा, एक-दोन मिनिटं, एवढं बस्स.

इथे एक गोष्ट स्त्री कर्मचाऱ्यांविषयी सांगायलाच हवी, कारण ती कुठल्याच परिपत्रकात येत नाही. स्वच्छतागृह गैरसोयीचं असलं की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे उठावं लागत नाही. त्यामुळे सलग बसणं वाढतं आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला वाव मिळतो. तो वर सरकला तर कमरेच्या वरच्या बाजूला, बरगड्यांखाली दुखतं, ताप येतो, आणि ते पाठीचं दुखणं समजलं जातं. स्वच्छतागृहाला कडी, दिवा आणि पाणी असणं हा पाठदुखी टाळण्याचा उपाय आहे. हे शाखाधिकाऱ्यांना ऐकवायला हवं.

ऐकवायचं कसं, तेही महत्त्वाचं. ‘साहेब, माझी कंबर दुखते’ म्हटलं की उत्तर येतं, ‘मग रजा घ्या’. त्याऐवजी नोंदवही समोर ठेवून बोला: “साहेब, १४ दिवस लिहून ठेवलंय. सलग दीड तास काउंटरवर बसले की दुखणं ३ वरून ६ वर जातं. साडेबाराला अदलाबदल केली तर काउंटर एक मिनिटही बंद राहणार नाही. महिनाभर करून बघू या का?” मागणी एकच, मुदत ठरलेली, आणि शाखेचं नुकसान नाही, अशी असली की नकार देणं अवघड जातं.

शाखाधिकारी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. टार्गेटची चौकशी संध्याकाळी सहाला, माणूस निघायच्या बेतात असताना करू नका. सकाळी दहा मिनिटं घ्या आणि नवं काम देताना ‘याच्यासाठी आज काय बाजूला ठेवायचं’ हेही सांगा. आणि ग्राहकासमोर कुणालाही बोलू नका. कामाच्या जागी वरिष्ठांचा आणि सहकाऱ्यांचा आधार वाटणारी माणसं कंबर धरली तरी लवकर कामावर परततात. तो आधार विकत आणावा लागत नाही.

खुर्चीबद्दल थोडक्यात, कारण ती तुम्ही बदललीच आहे. पाय पूर्ण टेकलेले, गुडघे कुल्ल्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली, आसनाची कड आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं जागा. काउंटर उंच असल्यामुळे खुर्ची वर घ्यावी लागते आणि पाय लोंबकळतात. पायांखाली १० ते १५ सेंटीमीटरचा पाट ठेवा. पडदा हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर थोडी खाली, नाहीतर मान मागे टाकून बघावं लागतं. आदर्श बैठक अशी काही नसते. ताठ बसून राहणं हाही आवळून बसण्याचाच एक प्रकार आहे.

पट्टा सोडा. पाठदुखी टाळण्याच्या उपायांवरच्या २१ चाचण्यांचा, सुमारे ३०,८०० लोकांचा, आढावा २०१६ मध्ये निघाला. नुसत्या व्यायामानं वर्षभरात दुखणं होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी, व्यायाम आणि माहिती दोन्हींनी सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाली. पट्ट्यांनी आणि बुटातल्या गाद्यांनी फरक पडला नाही, नुसत्या माहितीनंही नाही. म्हणून हे उत्तर वाचून बाजूला ठेवलंत तर उपयोग शून्य.

चालण्यापासून सुरुवात करा. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर झालेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. फिजिओथेरपिस्टच्या मदतीनं हळूहळू चालणं वाढवणाऱ्यांत दुखणं परत यायला मध्यकानं (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, इतरांत ११२. तुमच्यासाठी: पहिल्या आठवड्यात १० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. नंतर दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा, ३० मिनिटांवर थांबा, मग दिवस वाढवून पाच करा. कामाच्या रगाड्याच्या आठवड्यात निम्मं करा, पण बंद करू नका. आठवडाभर काही नाही आणि रविवारी टेकडीवर दीड तास, हा प्रकार सोमवारी अंगाशी येतो, आणि मग ‘मला व्यायाम सोसत नाही’ असा चुकीचा धडा घेतला जातो.

सोबत आठवड्यातून तीनदा, एकूण १५ मिनिटं. उताणं झोपून गुडघे दुमडा आणि कंबर उचलून ५ सेकंद धरा, १० वेळा, दोन फेऱ्या. हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, १० वेळा, दोन फेऱ्या, खाली बसताना सावकाश. हात-गुडघ्यांवर रांगत्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांब करून ८ सेकंद, मग उलट, प्रत्येक बाजूला ६ वेळा. या तिन्हींत श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. तिसऱ्या आठवड्यापासून ५ किलो तांदळाची पिशवी जमिनीवरून उचला: पिशवी पायांजवळ, कुल्ले मागे, गुडघे वाकलेले; ८ वेळा, दोन फेऱ्या, दर पंधरा दिवसांनी एक-दोन किलो वाढवत. हे कशासाठी? दहा रुपयांच्या दोन हजार नाण्यांची पिशवी साडेपंधरा किलोच्या आसपास भरते, आणि ती कधीतरी, बहुधा घाईत आणि वैतागलेल्या मनानं, तुम्ही उचलणारच आहात. त्या दिवशी शरीराला ते वजन ओळखीचं हवं.

व्यायाम करताना दुखणं ४ पर्यंत गेलं आणि २४ तासांत मूळ पातळीवर आलं तर ठीक. त्याहून जास्त राहिलं तर पुढच्या वेळी संख्या एक तृतीयांशानं कमी करा. प्रकार सोडू नका.

श्वासाचा उपाय साधा आहे. काउंटर उघडण्याआधी आणि कॅश बंद केल्यावर पाच मिनिटं, चार आकडे घेणं, सहा आकडे सोडणं, जबडा सैल. आवळलेलं पोट सुटतं ते याच वेळी. पण कामाची रचना तशीच ठेवून नुसता श्वास शिकवणं, किंवा वर्षातून एक दिवस योगशिबिर भरवणं, हे गळक्या नळाखाली बादली बदलत राहण्यासारखं आहे.

मीटिंगच्या आदल्या रात्रीसाठी वेगळी तयारी ठेवा. उद्याचे आकडे रात्री आठच्या आत कागदावर उतरवा, ‘विचारतील ते तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं’ लिहा, कागद पर्समध्ये टाका. शाखेचा व्हॉट्सॲप ग्रुप दहानंतर म्यूट. अर्धा तास झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून मंद उजेडात बसा, झोप आली की परत जा. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, सतत उदास वाटत असेल, रडू येत असेल, तर तो स्वतंत्र उपचाराचा विषय आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर घरातल्या कुणाला तरी तेव्हाच सांगा आणि त्याच क्षणी हा फोन लावा.

एवढं करूनही एखाद्या दिवशी उसण भरेल. त्याची तयारी आधीच असू द्या. पहिले दोन दिवस ज्या स्थितीत आराम वाटतो तीत १५-२० मिनिटं पडा, मग उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चाला, असं दिवसभर. २० मिनिटं गरम शेक. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून. आम्लपित्त, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. दोन दिवसांहून जास्त अंथरूण धरलं तर बरं व्हायला उलट उशीर लागतो. पूर्ण बरं होण्याची वाट न पाहता तिसऱ्या-चौथ्या दिवशी कामावर जा, पण आठवडाभर काउंटर अर्धा दिवसच, एवढं आधी ठरवून घ्या. सहा आठवड्यांत सुधारणा नसेल तर फिजिओथेरपिस्टला नोंदवहीसकट भेटा.

हे सगळं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलंत तर मार्चपर्यंत दहा-बारा आठवडे हातात मिळतात. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत नवं काही सुरू करू नका: चालणं निम्मं, पिशवी उचलणं बंद, पण साडेबाराची अदलाबदल आणि दहाव्या टोकनचं उठणं मोडू देऊ नका. त्या दिवसांत सगळ्यांत आधी हेच दोन मोडतात. १ एप्रिलला शाखा ग्राहकांसाठी बंद असते, त्या संध्याकाळी चालणं पुन्हा पूर्ण वेळाचं करा.